पाठकोरे कागद आणि माझं करंट खातं

"वर्षाची उलाढाल किती लिहू?"

काचेच्या खालच्या फटीतून आवाज माझ्यापर्यंत पोचावा म्हणून बँकेतल्या मॅडमनी तो जरा चढवलाच होता. माझ्या मागं चौघं उभे. त्यातला एक आमच्याच तालमीचा, भिशीतला. मी म्हटलं, "लिहा अंदाजे." "अंदाजे कसं लिहू? आकडा सांगा." सांगितला, हळू सांगितला. मॅडमनी तो खणखणीत आवाजात परत म्हणून माझ्याकडून खात्री करून घेतली.

संध्याकाळी कट्ट्यावर गेलो तर, "या शेठ! झेरॉक्समध्ये एवढं मिळतंय व्हय? आमी उगंच उद्यमनगरात लेथवर उभारलोय की!"

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे पटवण्यात माझा अर्धा तास गेला. कागदाचं रीम केवढ्याला, टोनर केवढ्याचा, गाळ्याचं भाडं किती, लाईटबिल किती. म्हणजे बँकेनं जे विचारलंही नव्हतं तेसुद्धा मी स्वतःच्या तोंडानं कट्ट्यावर सांगून बसलो.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. इतकी वर्षं सगळं सेव्हिंग खात्यावर चाललं. पण क्यूआर लावल्यापासून पाच-दहा रुपयांच्या नोंदींनी पासबुकाची पानं भरायला लागली, आणि जुन्या बँकेनं 'धंद्याचं करंट खातं काढा' असं टुमणं लावलं. म्हणून राजारामपुरीतल्या एका बँकेत गेलो. कुठली ते लिहीत नाही. दुसरीत गेलो असतो तर काही वेगळं घडलं असतं असंही मला वाटत नाही.

गंमत बघा, असले फॉर्म मी रोज झेरॉक्स करतो. पण बसून वाचला तो पहिल्यांदा. धर्म, प्रवर्ग, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, गाडी कुठली, घरात माणसं किती. सोयरिकीला आलेली मंडळीसुद्धा एवढं विचारत नाहीत, निदान पहिल्या बैठकीत तरी. काही रकान्यांपुढं बारीक चांदणी छापली होती, काहींपुढं नव्हती. चांदणी असेल तर भरायलाच लागतं. गाडीपुढं चांदणी नव्हती, तिथं मी रेघ मारली. "भरा की, काय होतंय त्यानं?" मॅडम म्हणाल्या.

रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाची ओळख पटवून घ्यायच्या नियमात हे आहे. ठरलेली माहिती द्यावीच लागते, त्यापलीकडची घ्यायची तर ग्राहकाच्या संमतीनं. आणि खात्यासाठी म्हणून घेतलेली माहिती गोपनीय ठेवायची, स्पष्ट परवानगीशिवाय ती दुसरं काही गळ्यात मारायला वापरायची नाही. हे मला माहीत होतं, पण तिथं बोललो नाही. दुपारचे साडेबारा, मागं रांग, आणि माझे सगळे कागद काचेच्या पलीकडं. नुसतं "राहू दे" म्हटलं. राहिलं.

मग आईचं माहेरचं आडनाव. हे म्हणे सुरक्षेसाठी, उद्या फोनवर तुम्ही तुम्हीच आहात हे पटवायला. ज्या कुणाच्या डोक्यातून ही युक्ती निघाली त्यानं आपल्याकडची लग्नपत्रिका वाचलेली नाही. 'मामा' असा ठळक मथळा, खाली मामांची नावं आडनावासकट, गावासकट. माझ्या पत्रिकेत कागल तालुक्यातले तिन्ही मामा ओळीनं आहेत, साडेचारशे प्रती छापल्या होत्या. खाली 'किलबिल'मध्ये घरातल्या पोरांची लाडाची नावं, आणि लोक पासवर्ड ठेवतात तेही नेमके हेच! सतरा वर्षांत शेकडो पत्रिकांची जुळणी मी केली असेल. प्रत्येक घराचं हे 'गुपित' माझ्या हातून छापून गावभर गेलंय.

आधारची प्रत मी मुद्दाम मास्क केलेली नेली होती, आधी आठ फुल्या आणि शेवटचे चार आकडे. "हे चालत नाही, नंबर दिसत नाही." मी म्हटलं, मग ड्रायव्हिंग लायसन घ्या. केवायसीला पासपोर्ट, लायसन, मतदार ओळखपत्र हेही चालतं. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बँक खात्याला आधारची सक्ती काढून टाकली. आणि आधारची पडताळणी करायची नसेल तर प्रतीवरचा नंबर झाकलेला असावा, असं रिझर्व्ह बँकच सांगते. मॅडमनी लायसन ठेवून घेतलं, तक्रार न करता. मग पॅनकार्ड हातात घेऊन हसत म्हणाल्या, "पण ह्याला तुमचं आधार जोडलेलंच असणार की!"

खरं होतं. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

शेवटच्या पानावर बारीक इंग्रजीत संमती. आमच्या समूहातल्या कंपन्या तुमच्याशी संपर्क साधतील वगैरे, आणि चौकटीत बरोबरची खूण आधीच छापलेली. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात अशी तरतूद आहे, की संमती मागताना ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायची. म्हणजे मराठीतही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. तोवर छापील खूण खोडून शेजारी सही करणं एवढंच हातात होतं. ते केलं.

नॉमिनीला बायकोचं नाव घातलं. "पासबुकावर छापू का नॉमिनी?" हा एकच प्रश्न मॅडमनी हळू विचारला. अनुभवी बाई. मी नको म्हटलं, कारण आमच्या घरी पासबुक आई ठेवते.

इथवर मी मनातल्या मनात बँकेवर पुरता तापलो होतो. मग ॲप चालू करून द्यायला एक तरुण मुलगा आला. माझा फोन हातात घेतला, ॲप उतरवलं, ओटीपी त्यानंच वाचला, एमपिन त्यानंच टाकला. "सर, आता १२३४ ठेवलाय, नंतर बदला." हे सगळं चालू असताना फोन सारखा वाजत होता. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं की भाचा माझा व्हॉट्सॲप नंबर देतो, त्यावर कागद येतात. पडद्यावर वरून एकेक पट्टी उतरत होती. कुणाचा आधार, कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या पोराची मार्कशीट. मुलगा बघत होता. सहजच म्हणाला, "सर, लय आधार येतात की तुमच्याकडं."

त्याच्या मनात काही नव्हतं. पण गंगावेशीतल्या घरी जाईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

रात्री दुकानातला कॉम्प्युटर उघडला. डाऊनलोडचा फोल्डर तीन वर्षांत कधी साफ केलेला नव्हता. तीन हजारांवर फायली. त्यातल्या कितीतरी जुलै २०२४ च्या. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा दुकानाबाहेर बायकांची रांग पार कोपऱ्यापर्यंत जायची. आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, फोटो, सगळं एकेका बाईचं एका जागी. मॅडमच्या कपाटाला निदान कुलूप तरी होतं. माझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड दुकानाचं नाव, आणि ते बाहेर फलकावर लिहिलंय.

आणि पाठकोरे कागद. बिघडलेली कॉपी फेकायची नाही ही माझ्या वडिलांची शिस्त. एक बाजू कोरी असली की हिशेबाला ठेवायची, उरली तर घरी पोरीला गणितं सोडवायला. पाचवीतल्या माझ्या पोरीनं वर्षभर त्याच गठ्ठ्यावर भागाकार केले. त्याच रात्री जेवताना तिनं एक कागद उलटा केला आणि म्हणाली, "पप्पा, ह्या मागच्या गल्लीतल्या काकू आज्जीपेक्षा मोठ्या आहेत?" कागद हातात घेतला. एका बाजूला सातशे छप्पन भागिले बारा, दुसऱ्या बाजूला काकूंचं आधार, जन्मतारखेसकट. काकू हळदीकुंकवात आईपेक्षा चार वर्षांनी लहान असतात. आईनं चष्मा मागितला. मी कागद फाडला, पण तोवर उशीर झाला होता.

दोन दिवसांनी बँकेचा माणूस व्हेरिफिकेशनला आला. दुकान खरंच आहे का, बघायला. शॉप ॲक्टचं लायसन बघितलं, उद्यमचं सर्टिफिकेट बघितलं, मग मोबाइल काढून फोटो. फलकाचा एक, माझा एक, काउंटरचा एक. तिसरा काढल्यावर मी म्हटलं, दाखवा जरा. काउंटरच्या काचेवर एका मुलाचा जातीचा दाखला पडलेला, नाव, गाव, जात सगळं वाचता येत होतं. शेजारी कुणाचं तरी खरेदीखत, अंगठ्याचे ठसे वर. माझं खातं उघडावं म्हणून त्या दोघांचे कागद बँकेत चालले होते. "हा काढून टाका, परत काढूया," म्हटलं. काच रिकामी केली. तो वैतागला, पण त्यानं काढला. पहिला त्याच्या फोनमधून खरंच गेला का, ते मी बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं.

ठशांचं म्हणाल तर, काही राज्यांत दस्तांवरचे ठसे उचलून त्यावरून आधारच्या मशीनवर पैसे काढल्याच्या घटना झाल्यात. मी माझं बायोमेट्रिक ॲपवरून लॉक केलं, पाच मिनिटांचं काम. आईचं केलं नाही. ती पेन्शन अंगठ्यावरच काढते, आणि दर महिन्याला लॉक उघडून द्यायला मी काही तिच्याबरोबर जाणार नाही.

खातं सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी एका मुलीचा फोन. "दुकानाचा विमा काढायचा का सर?" दुकानाचं नाव, माझं नाव, अगदी बरोबर. नंबर कुठून मिळाला विचारलं तर "सिस्टीममध्ये आलाय" म्हणाली. बँकेतून गेला असं मी छातीठोक सांगू शकत नाही. माझा नंबर फलकावरही आहेच.

आता दुकानात थोडं बदललंय. रात्री शटर ओढायच्या आधी फोल्डर रिकामा करतो, कचरापेटीसकट. बिघडलेली कॉपी उभी-आडवी फाडतो. पोरीला कोऱ्या रीममधले कागद देतो, वडील असते तर बोलले असते. आणि मशीनशेजारी दोरीला एक काळा मार्कर बांधलाय. कॉपी काढली की विचारतो, पहिले आठ आकडे खोडू का? वर 'फक्त खाते उघडण्यासाठी' आणि तारीख लिहू का? तरणी पोरं "भारी, खोडा" म्हणतात. बाकी बहुतेक जण मार्करकडं बघतात, माझ्याकडं बघतात, आणि पाच रुपये ठेवून जातात.

परवा एक आज्जी आल्या, करवीरच्या कुठल्यातरी गावातल्या. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. मी कॉपी काढून मार्कर उचलला तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"नंबर खोडू नगंस बाबा. त्यो नंबर गेला तर पैसं यायचं न्हाईत."

"कुठल्या कामाला पायजे, आज्जी?"

"काय म्हाईत. पोरगं म्हणालं दोन काढून आण."

दोन काढल्या, न खोडता. आज्जींनी त्या पिशवीत घातल्या, आणि जाताना कार्ड मशीनच्या काचेवरच विसरल्या. भाच्याला रस्त्यावर त्यांच्यामागं पळवलं.