आमची वाटचाल: काळी माती, खडी आणि निळ्या बाटल्या

आमच्या ट्रेलरमध्ये खालपासून वरपर्यंत गालिचे ठोकलेले आहेत. कुणाला वाटेल, काय थाट आहे! पण आम्ही राहतो डाल्टनला. जॉर्जियाच्या उत्तरेचं हे गाव म्हणजे अमेरिकेतल्या गालिच्यांचं आगर, त्यामुळे कापून उरलेले तुकडे मागावे तेवढे मिळतात. आम्ही बागेत लावायला करून विकतो ते लोखंडी कोंबडे, वाऱ्यावर फिरणारी सूर्यफुलं आणि फांद्यांना बाटल्या घालायची लोखंडी झाडं एकमेकांवर आपटून रंग उडू नये, एवढंच त्या थाटाचं काम.

माझं बालपण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलं. आबांची फॅब्रिकेशनची शेड होती: खिडक्यांची ग्रिल, शटर, ट्रॉलीची दुरुस्ती. शेजारी ओतकाम. सातवीच्या सुट्टीत हातात पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर आला आणि त्या रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन झोप लागली नाही. पुढे डिप्लोमा, नोकरी, आणि फिरत फिरत डाल्टनच्या एका मिलमध्ये मशीन मेंटेनन्स. २००८ मध्ये इथला घरांचा बाजार कोसळला. नवी घरं नाहीत म्हणजे नवे गालिचे नाहीत. २००९ च्या मार्चमध्ये आमची अख्खी पाळी घरी बसली.

बायकोची लायब्ररीतली नोकरी होती म्हणून चूल पेटत राहिली. मी गॅरेजमध्ये बसून काय करू, तर जुन्या सळया आणि पत्र्याचे तुकडे जोडू लागलो. त्याच सुमारास पाऊण-एक तासावरच्या समरव्हिलजवळ हॉवर्ड फिन्स्टर यांची पॅराडाइज गार्डन पाहिली. हे गृहस्थ धर्मोपदेशक, आणि पोटासाठी सायकली दुरुस्त करायचे. १९६१ च्या आसपास त्यांनी आपल्या दलदलीच्या जागेत आरशांचे तुकडे, सायकलचे भाग, बाटल्या, जे मिळेल ते सिमेंटात बसवायला सुरुवात केली. मी गेलो तेव्हा बागेची बरीच पडझड झाली होती, पण सायकलच्या भंगाराचा तो ढीग बघून मला एकदम आबांच्या शेडची मागची बाजू आठवली. आपण जे ‘नंतर कामाला येईल’ म्हणून टाकून ठेवतो, ते इथे कामाला आलं होतं.

मग जोडलेलं विकायला लागलो. पहिली तीन वर्षं माल कुरिअरने जायचा. कोंबड्याचा तुरा वाकला, फुलाची पाकळी तुटली, सात फुटी झाड तर दोन तुकडे करून पाठवावं लागे आणि गिऱ्हाइकाला बोल्ट लावता येत नसे. नुकसानभरपाईच्या अर्जांवर जेवढा वेळ गेला तेवढ्यात आणखी दहा कोंबडे झाले असते. शेवटी बायको म्हणाली, “तूच नेऊन दे की.” तेव्हापासून वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, ऑर्डरी गोळा करून एक मोठी फेरी.

हिशेब सांगायचा तर मिसिसिपी डेल्टापर्यंत, म्हणजे मिसिसिपी राज्यातल्या सपाट गाळाच्या पट्ट्यापर्यंत, जाऊन येऊन साधारण ९०० मैल होतात. २०२४ साली इथल्या आयकर खात्याचा धंद्याच्या प्रवासाचा दर मैलाला ६७ सेंट होता, म्हणजे ६०३ डॉलर. वर दोन मुक्काम. बारा नग असतील तर नगामागे साठेक डॉलर पडतात. कुरिअरपेक्षा फार स्वस्त नाही. आमचे कर सल्लागार दरवर्षी हेच सांगतात आणि मी दरवर्षी मान डोलावतो.

रस्ता ठरलेला. गॅड्सडेनवरून अलाबामातलं बर्मिंगहॅम. तिथे डोंगरावर व्हल्कनचा ५६ फुटी पुतळा आहे, सगळा बिडाचा, १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनासाठी इथल्याच लोखंडातून ओतलेला. रोमन लोकांचा हा लोहारदेव. अंगावर फक्त कामाचा ॲप्रन, त्यामुळे मागच्या बाजूला जे गाव आहे त्याला देवाचं उघडं ढुंगण दिसतं, आणि त्यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या विनोद चाललेत. मी मात्र दर वेळी पुढच्या बाजूने गाडी थांबवून नमस्कार करतो. उद्यमनगरात दसऱ्याला भट्टीला हार घालतात, तसलाच हा प्रकार. पुढे हमरस्त्याकडेला शेंगांची टपरी. अलाबामात मिठाच्या पाण्यात शिजवलेल्या शेंगा विकतात, पार टरफलापर्यंत मऊ. आपल्या उकडलेल्या शेंगांपेक्षा खारट, पण स्टिअरिंगवर एक हात ठेवून खायला उत्तम.

एकदा मिसिसिपीतल्या टुपेलोत माल उतरवला आणि फोनने दाखवलेल्या सरळ रस्त्याला लागलो. काय रस्ता! दोन्ही बाजूंना झाडी, एक जाहिरात नाही, एक ट्रक नाही. ट्रक का नाहीत हा विचार पंधरा मैल डोक्यात आला नाही. तो नॅचेझ ट्रेस पार्कवे होता. ४४४ मैलांचा हा रस्ता राष्ट्रीय उद्यान खात्याचा, तिथे ताशी ५० मैलांची मर्यादा आणि व्यापारी वाहनांना बंदी. माझ्या ट्रेलरवर तर फुटाफुटाच्या अक्षरांत धंद्याचं नाव, फोन नंबर आणि वर लोखंडी कोंबडा. रेंजरने थांबवलं, कोंबडा निरखून पाहिला आणि पुढच्या फाट्याला खाली उतरायला सांगितलं. जाताना किंमत विचारली. दुसऱ्या दिवशी कोंबड्याची रंगरंगोटी करून त्याला नव्याने बोल्ट मारले, कारण नाही, उगीच.

विनोना मागे पडून ग्रीनवूड जवळ आलं की टेकड्या अचानक संपतात. पुढे पोळपाटासारखं सपाट रान, कापूस, सोयाबीन, मासे पाळायची तळी. इथली माती बघून मी पहिल्यांदा खाली उतरून चक्क हातात घेतली होती. काळी, चिकट, बुटाला किलोभर लागणारी. लोक तिला ‘बकशॉट’ म्हणतात, कारण वाळली की ढेकळं छऱ्र्यांसारखी फुटतात. जॉर्जियाची माती लाल, आपल्या कोकणाच्या वळणाची, आणि तिच्यात दीड फूट सळई ठोकली की बैलसुद्धा उपटणार नाही. मी त्याच हिशेबाने माल करायचो.

इथेच २०१६ साली एका आजींकडे पहिलं बाटल्यांचं झाड लावलं. आजी म्हणजे माझ्या मनात. त्यांना मी ‘मॅम’ म्हणतो, त्या मला ‘बेबी’. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: झाडाच्या फांद्यांना निळ्या बाटल्या उपड्या घालतात. रात्री भटकणारी भुतं त्या चमकेला भुलून आत शिरतात, बाहेरची वाट सापडत नाही आणि सकाळच्या उन्हात नाहीशी होतात. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर ही समजूत काँगोकडून आली असं सांगतात. आजींच्या आजीचं झाड खऱ्या सीडरचं होतं, आणि बाटल्या मिल्क ऑफ मॅग्नेशिया या पोटाच्या औषधाच्या. माझं सळईचं. त्यांनी ते बोटाने वाजवून पाहिलं आणि पसंत केलं. खालच्या फांद्यांवरच्या बाटल्या मात्र स्वतः घातल्या, मला हात लावू दिला नाही.

पुढच्या फेरीला गेलो तर झाड दारूड्यासारखं कललेलं. सरळ केलं. सहा महिन्यांनी परत तेच. आजी काही बोलल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, “बेबी, माझी भुतं सांडताहेत.” मला घाम फुटला. गावाबाहेरच्या मोटेलचे मालक गुजराती, रात्री त्यांनी आलं घालून चहा पाजला. कोल्हापूरचा म्हटल्यावर “महालक्ष्मी!” म्हणाले. तो चहा पीत बसलो असताना आबांचा आवाज आठवला. शिरोळकडच्या एका मळ्यात शेड उभी करताना ते म्हणाले होते, “काळ्या रानावर विश्वास टाकू नको. पावसात फुगतंय, उन्हाळ्यात भेगाळतंय. काढून टाक आणि मुरूम भर.” मी डिप्लोमात हेच इंग्रजीत शिकलो होतो, पण आठवलं ते आबांचं.

मुरूम इथे कुठून आणणार? डेल्टाच्या गाळात शोधून दगड सापडत नाही. म्हणून पुढच्या फेरीला खडीच्या पिशव्या डाल्टनहूनच भरल्या. दोन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घेतला, काळी माती बाजूला काढली, मधोमध जस्त चढवलेला पाइप उभा केला आणि भोवती चार-चार इंच खडी टाकून धुमसाने ठोकत आलो. धुमस मीच केलाय, जाड पत्र्याचा. आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. प्रत्येक थराला “अजून, अजून” म्हणत होत्या. मग झाडाचा बुंधा पाइपात सोडला आणि बाटल्या एकेक करून परत चढल्या. संध्याकाळी वारा सुटला तेव्हा बाटल्यांच्या तोंडातून घूं असा आवाज यायला लागला. “आली,” आजी म्हणाल्या आणि आत जाऊन पेकनचं, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचं, पुडकं घेऊन आल्या.

ते झाड अजून उभं आहे. बोटभर कललंय, पण ते मलाच दिसतं. त्यानंतर आम्ही ऑर्डर घेताना रंगाच्या आधी माती विचारतो. लाल असेल तर साधी सळई, काळी असेल तर पाइप, खडी आणि ७५ डॉलर जास्त. त्यावर काही जण कुरकुरतात. त्यांना मी भेगांचे फोटो दाखवतो.

आईला हे सगळं व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, “दारूच्या बाटल्या दारात टांगायच्या? आणि लोक पैसे देतात?” मी लिंबू-मिरचीचा दाखला दिला. “लिंबू-मिरची दर शनिवारी बदलतात,” ती म्हणाली, “तुझ्या बाटल्या धुतं कोण?” खरंच, बाटल्यांत गांधीलमाश्या घर करतात. आता प्रत्येक झाडाबरोबर एक लांब दांड्याचा ब्रश फुकट देतो. तो धंदा आईचा.

येत्या ऑक्टोबरच्या यादीत पहिल्यांदाच समुद्रकाठची दोन नावं आहेत, ओशन स्प्रिंग्जच्या बाजूची. तिथे माती विचारली तर उत्तर आलं: वाळू. त्यात पुन्हा वादळांचा पट्टा. गॅरेजमागे वाळूचा ढीग ओतून घेतलाय, त्यात तीन वेगवेगळे पाये पुरलेत आणि रोज संध्याकाळी थोरला मुलगा त्यांना लोंबकळून बघतो. दोन उपटले. तिसऱ्याला आडव्या चार सळया लावल्यात, तो अजून हललेला नाही, पण मुलाचं वजन फक्त चाळीस किलो आहे.