आमची वाटचाल: डाळ मिल, मार्च एंड आणि ग्रामसंघाचं रजिस्टर

2002 साली अकोल्याच्या एमआयडीसीत अर्धं शेड भाड्याने घेतलं, तेव्हा मशीन बनवून विकायचं असं काही डोक्यात नव्हतं. एक जुना लेथ, एक वेल्डिंग मशीन, मी आणि एक पोऱ्या. आजूबाजूला मोठ्या डाळ मिल. त्यांचे रोलर झिजले की एमरी, म्हणजे डाळ घासणारा खरखरीत थर, चढवून द्यायची, शाफ्ट वळून द्यायचे, बेअरिंग बदलायचे. सीझनला रात्री जागायच्या, पावसाळ्यात माशा मारायच्या. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल तेव्हा शेतकऱ्यांच्या बोलण्यात असायची. तिच्याच धर्तीवर आम्ही एक छोटी मिल बांधली आणि शेडच्या दारात ठेवली. ती सव्वा वर्ष तिथेच होती. चहा ठेवायला बरी पडायची.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते सरकारी योजनेतून. त्या काळात स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना जोरात होती. 1999 ला सुरू झालेली ही योजना दारिद्र्यरेषेखालच्या बायकांचे बचत गट करायची, त्यांना बँकेचं कर्ज आणि सोबत अनुदान द्यायची. गटाला प्रकल्पाच्या निम्मं, जास्तीत जास्त सव्वा लाख. गावोगाव गट निघाले आणि प्रत्येक गटाला ‘काहीतरी मशीन’ हवं होतं. कुठलं, ते बायकांना क्वचितच कोणी विचारलं. शेवया, पापड, मिरची कांडप, डाळ, यातलं एखादं कोणीतरी वर ठरवायचं आणि आमच्याकडे कोटेशन मागायला माणूस यायचा. खरेदीला तीन वेगवेगळ्या दुकानांची कोटेशन लागायची, ती तिन्ही आम्हीच टाईप करून द्यायचो. यातला ‘तिन्ही’ शब्द ज्याला कळला त्याला कळला. आज लिहायला लाज वाटते, पण वाटचाल लिहायची तर ही पायरी वगळून कसं चालेल?

मग 2009 चा मार्च. निधी परत जाऊ नये म्हणून एका कार्यालयाने पंधरा दिवसांत बावीस मशीनची ऑर्डर दिली. बावीस! आम्ही तोवर वर्षाला आठ-दहा करत होतो. उधारीवर पत्रा, उधारीवर मोटरी, चार वेल्डर रोजाने आणले. 31 तारखेच्या संध्याकाळी शेवटचा टेम्पो निघाला तेव्हा दोन मशीनचा रंगही ओला होता. पोचपावत्या मिळाल्या, फोटो निघाले, हार घातले. पैसे आले ते चौदा महिन्यांनी. तोवर बायकोच्या बांगड्या आणि माझी मोटरसायकल दोन्ही गेल्या. बांगड्या परत आल्या, मोटरसायकल नाही.

पण पैशापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. वर्षभरात त्या बावीसपैकी एकाही मशीनच्या दुरुस्तीचा फोन आला नाही. आपलं मशीन इतकं चांगलं नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून एक दिवस यादी घेऊन निघालो. बार्शीटाकळीकडच्या एका गावात आमची मिल अध्यक्षबाईंच्या घराच्या पडवीत होती, पोत्याखाली. हॉपरमध्ये कांद्याचं बी वाळत घातलेलं. मोटर थ्री फेजची आणि घरात सिंगल फेज! ज्या दिवशी उतरवली त्या दिवसापासून एकदाही बटण दाबलेलं नव्हतं. मी म्हटलं, बाई, कोणाला सांगितलं का नाही? तर त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, मशीन तं तुमी आणून टाकलं, आता करंट कोण देईन?" गटातल्या दुसऱ्या दोघी भेटल्या. त्यांना आपण मिलच्या मालकीण आहोत हे त्या दिवशी माझ्याकडून कळलं.

बावीसपैकी चालू सापडल्या पाच.

त्यानंतर आम्ही सरकारी ऑर्डर जवळजवळ बंद केल्या आणि पुन्हा रोलर घासायला लागलो. लोक सांगतात तसं काही तत्त्व वगैरे नव्हतं त्यात. उधारीला घाबरलो होतो, एवढंच.

केंद्राने 2011 ला जुनी योजना गुंडाळून राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणलं. आपल्याकडे त्याला ‘उमेद’ म्हणतात. विदर्भात वर्धा-यवतमाळकडे ते आधी जोमाने सुरू झालं. मी पेपरात वाचलं आणि म्हटलं, नाव बदललं, पाटी बदलली, मार्च तोच. 2015 च्या उन्हाळ्यात दारव्ह्याकडून पाच बायका एसटीने आमच्या शेडवर आल्या आणि माझा हा समज तिथल्या तिथे मोडला.

त्यांच्यासोबत साहेब नव्हता. एक पोतं होतं. पोत्यात त्यांच्याच शेतातली वीस किलो तूर, तेल चोळून, रात्रभर ढीग करून, दोन दिवस उन्हात वाळवून आणलेली. "आमची तूर काढून दाखवा, मंग भाव करू." मी मिल चालू केली. दोघी हॉपरशी, दोघी खाली घमेलं धरून, आणि पाचवी, सचिव होती ती, वही घेऊन स्टुलावर. डाळ वेगळी, कणी वेगळी, चुनी म्हणजे सालीचा चुरा वेगळा मोजला, आमच्याच काट्यावर. काटा आधी पाच किलोचं माप ठेवून तपासला! डाळ भरली साडेतेरा किलो. सचिवताईंनी वहीत पाहून सांगितलं, "कणी लय होते भाऊ. आमच्या गावच्या मिलवर चौदाच्या वर भरते. नाई परवडत." आणि निघाल्या की!

मी मागे धावलो. चहा पाजला आणि विचारलं, अनुदानाचं मशीन आहे, एवढं का ताणता? त्यावर मिळालेलं उत्तर मी नंतर खूप जणांना सांगितलं आहे: "अनुदान ग्रामसंघाले भेटलं, आमाले नाई. आमाले तं परत करा लागते."

ग्रामसंघ म्हणजे गावातल्या बचत गटांचा मिळून झालेला संघ. मग त्यांनी मला सगळी भानगड समजावली. गटाने दर आठवड्याला बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही पंचसूत्री काही महिने पाळली की गटाला फिरता निधी मिळतो. तेव्हा तो पंधरा हजार होता, 2023 ला राज्याने तीस केला. मग प्रत्येक घरी कोणाला कशासाठी किती लागतात त्याचा आराखडा गट करतो, आणि ग्रामसंघ त्या गटाला समुदाय गुंतवणूक निधीतून साठ हजार देतो. पण देतो तो कर्ज म्हणून. सरकारचा पैसा ग्रामसंघापर्यंत अनुदान, तिथून पुढे कर्ज. व्याज त्यांच्याकडे शेकडा एक रुपया महिना. परत आलेला पैसा सरकारकडे जात नाही, ग्रामसंघातच राहतो आणि पुढच्या गटाला मिळतो. थकवला तर कार्यालय दारात येत नाही, शेजारीण येते. ते जास्त अवघड.

आणखी एक गोष्ट त्यांच्या वहीत दिसली. मिल गटाच्या नावावर घ्यायचीच नव्हती. दिवसाला क्विंटलभर तूर भरडली तरी भरडाईतून दहा जणींची घरं चालत नाहीत, हा हिशेब आम्ही आणि आमच्या कोटेशनवाल्यांनी बारा वर्षांत केला नव्हता. त्यांनी केला होता. दोघी जावांनी मिळून मिल घ्यायची, तिसरी शेळ्या घेणार, चौथीला सावकाराचं देणं फेडायचं होतं. सावकाराचं देणं फेडायला कर्ज देतात हे ऐकून मी उडालोच. पण तीन-पाच रुपये शेकड्याने फिरणारं कर्ज एक रुपयावर आलं तर ती बाई त्याच दिवशी कमावती होते, हे मी धंदेवाला असून मला सचिवताईंनी सांगावं लागलं.

त्यांच्या त्या अर्ध्या किलो डाळीसाठी आम्ही महिनाभर मशीन उघडून बसलो. पुली बदलून रोलरचा वेग उतरवला, एमरी बारीक घेतली, जाळीचं भोक बदललं, दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर बसवली. हॉपर चार इंच खाली आणला, कारण पोतं उचलणारी बाई पाच फुटांची आणि मशीन बनवणारा मी पावणेसहाचा. जून उजाडता त्या पुन्हा आल्या. चौदा किलो शंभर ग्रॅम. घेतली, आणि वर दोन बेल्ट फुकट मागितले. आजही आम्ही तेच मॉडेल विकतो.

पुढचं भराभर सांगतो. जिल्ह्यातल्या साहित्य वाटपाच्या योजनाही नंतर बदलल्या. 2016 च्या शेवटी राज्याने वस्तूऐवजी पैसे थेट लाभार्थ्याच्या खात्यात द्यायचं ठरवलं. बाईने आधी मशीन घ्यायचं, बिल दाखवायचं, मग पैसे. तीन कोटेशनवाल्यांचं दुकान बसलं. पण जिच्याकडे आधी भरायला पैसेच नाहीत तिचं काय, हा प्रश्न उरला आणि त्याचं उत्तर ग्रामसंघाच्या कर्जातून निघालं. ज्या गावात ग्रामसंघ नाही तिथे ते अजून निघालेलं नाही. मग जीएसटी, मग कोरोना, तेव्हा चार महिने शेड बंद. 2020 च्या जूनमध्ये सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना आली, कर्जाला जोडून 35 टक्के अनुदान, दहा लाखांपर्यंत. गटातल्या सदस्याला चाळीस हजारांपर्यंत बीज भांडवल, तेही गटांच्या महासंघामार्फत आणि तेही परत करायचं. आमची निम्मी विक्री आज यातूनच होते. बँकेत फाईल अडते, महिनोन्महिने अडते. त्यावर लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल.

सगळंच गोड नाही. अनुदान आहे म्हणून गरजेपेक्षा मोठी मिल मागणारे येतात, नवऱ्याने घेऊन बायकोच्या नावावर टाकलेल्या मिल दिसतात. आम्ही आता एक नियम पाळतो. मशीन कोण चालवणार तिने स्वतः शेडवर येऊन, स्वतःचा माल आणून एकदा चालवायचं, मगच बिल. यात काही ऑर्डर जातात. मुलगा म्हणतो, बाबा, गिऱ्हाईकाची परीक्षा कोण घेतं? तो इंजिनिअर आहे, त्याने 2009 चा मार्च पाहिलेला नाही.

दारव्ह्याच्या जावांची मिल अजून चालू आहे. मध्यंतरी गेलो तेव्हा सचिवताईंनी ग्रामसंघाचं रजिस्टर उघडून दाखवलं. त्यांच्या गटाने फेडलेले साठ हजार दुसऱ्या गटाकडे शिलाई मशीन आणि म्हशीसाठी गेले, तिथून फिरून आता तिसऱ्याकडे. त्या गटातल्या एकीला मिरची कांडप हवंय. तिने निरोप पाठवलाय की सोमवारी येते, मिरची वाळवून ठेवली आहे, आणि काटा तपासून ठेवा.