रथसप्तमीनंतरचं हॅवलॉक: तयारी कुठवर आली

तारखा ठरल्या. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाने निघायचं आणि पौर्णिमेच्या आत घरी परतायचं. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण स्कूबा डायव्हर मंडळींच्या बोलण्यात अजून हॅवलॉकच असतं, म्हणून इथेही तेच लिहितो.

तिथी बघून डायव्हिंगच्या तारखा काढल्या हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटलं. मला मात्र गेल्या हंगामात मालवणात जे कळलं ते पक्कं लक्षात राहिलं आहे. तिथल्या बोटीचा तांडेल म्हणाला होता, "भांगाक येवा, पाणी नितळ गावतला." अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतर एकदोन दिवस उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त पाणी हलतं. करंट वाढतो आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या सुमारास भांग लागतो, तेव्हा ही सगळी ओढाताण कमी होते. अंदमानातही आपल्यासारखीच दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. उधाणाला पाण्याच्या पातळीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो. मुंबईच्या मानाने हा फरक कमी आहे, पण समुद्रातून एकटाच वर आलेला खडक असेल तर तेवढाही त्याच्याभोवती जोराचा करंट उठवायला पुरतो.

एक गोष्ट मात्र इथून तिथे नेता येत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहा वाजता, हा कोकणातला हिशेब कोकणातच चालतो. चंद्र तोच असल्यामुळे भांगाचे दिवस सगळीकडे तेच, पण भरती प्रत्येक किनाऱ्यावर आपल्या वेळेला येते. म्हणून दिवस कालनिर्णयवरून काढले आणि वेळा पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून. दोन्ही कागद कपाटाच्या दारावर शेजारी शेजारी चिकटवले आहेत.

हंगामाचा विचार वेगळा करावा लागला नाही. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर, त्यानंतर ईशान्येचा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात अधूनमधून. जानेवारीच्या शेवटापासून समुद्र बसलेला असतो. एप्रिल-मेमध्ये पाणी आणखी शांत असतं हे खरं, पण पाणी तापून कोरल पांढरं पडण्याचा धोकाही तेव्हाच. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानच्या उथळ रीफ्सना त्याचा मोठा फटका बसला होता. अशा तापलेल्या दिवसांत त्या रीफवर आपली गर्दी नको, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता या नोंदीतला मुख्य विषय: हवा.

आम्हाला डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज करायचे आहेत. दोन्ही साइट्सना अंदमानातल्या कारेन डायव्हर्सची नावं आहेत. कारेन कुटुंबं १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून मध्य अंदमानात येऊन वसली. हॅवलॉकच्या डायव्हिंगमध्ये या लोकांचा वाटा फार मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. दोन्ही साइट्स खोल आहेत, ३० मीटरच्या आसपास सहज जाणं होतं. म्हणजे अॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट हवं, कारण ओपन वॉटर या पहिल्या सर्टिफिकेटची मर्यादा १८ मीटर. ते माझ्याकडे आहे. पण कार्ड असलं म्हणून हवा पुरत नाही.

हिशेब असा. अॅल्युमिनियमचं नेहमीचं सिलिंडर ११ लिटरचं, २०० बार दाबाला भरलेलं. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट. काही बिघाड होऊन दोघांना एकाच सिलिंडरवर वर यावं लागलं, तर घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरू, म्हणजे दोघांचे ६०. तळाशी सावरायला एक मिनिट: २४० लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर यायला चार मिनिटं, सरासरी अडीचपट दाबाने: ६०० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप: २७० लिटर. बेरीज १,११० लिटर, म्हणजे जवळपास १०० बार. अर्धं सिलिंडर हे बडीचं, म्हणजे जोडीदार डायव्हरचं, आपलं नव्हेच. "५० बारला बोटीवर" हे सूत्र उथळ डाइव्हला ठीक आहे. ३० मीटरवर १०० बारला परत फिरायचं, असं आम्ही आपापसात पक्कं केलं आहे.

उरलेल्या १०० बारमध्ये म्हणजे १,१०० लिटरमध्ये तळाशी किती वेळ मिळतो, हे तुम्ही किती हवा ओढता त्यावर. पृष्ठभागावरचा खप मिनिटाला २२ लिटर असेल तर तिथे ८८ लागतात आणि साडेबारा मिनिटांत खेळ संपतो. खप १६ वर आणला तर १७ मिनिटं. साध्या हवेवर ३० मीटरची नो-डेको मर्यादा, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न लागता खाली राहता येण्याचा वेळ, तक्त्यात २० मिनिटं आहे, म्हणजे दोन्ही वेळा हवाच आधी संपते. या साइट्ससाठी नायट्रॉक्स (ऑक्सिजन जास्त असलेलं मिश्रण, ज्याने ही मर्यादा वाढते) घ्यावं का, असं अनेक जण विचारतात. ११ लिटरच्या सिलिंडरवर, ३० मीटरवर, पहिल्या डाइव्हला त्याने तळाशी एक मिनिटही वाढत नाही. १८ ते २५ मीटरच्या लागोपाठच्या डाइव्ह्जना ते खरोखर उपयोगी आहे, तिथे जरूर घ्या. त्याआधी स्वतःचा श्वास बघा.

तो बघण्यासाठी मी खर्चिक काहीच केलं नाही. एका ठरलेल्या खोलीवर दहा मिनिटं शांत पोहायचं, सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा पाटीवर लिहायचा. १० मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे दहा मिनिटांत ४० बार गेले तर ४४० लिटर, भागिले दहा, भागिले दोन: २२. याच हंगामात मालवणात शेवटचं मोजलं तेव्हा ३० बार गेले, म्हणजे साडेसोळा. फरक पडला तो हात बांधून ठेवल्याने आणि वजन कमी केल्याने. शिशाचे पट्टे जास्त असले की बीसीडीत, म्हणजे तरंगण्यासाठीच्या जॅकेटात, हवा भरावी लागते, अंग तिरकं होतं, पाय खाली लोंबतात आणि प्रत्येक किक अंगाला वर ढकलण्यात जाते. वजन कमी केल्यावर शरीर आडवं झालं आणि श्वास आपोआप लांबला.

वजनाबद्दल आणखी एक. तलावात जमलेलं वजन समुद्रात पुरत नाही. खाऱ्या पाण्याची घनता अडीच-तीन टक्के जास्त, म्हणजे माणूस आणि सामान मिळून ९० किलो असेल तर साधारण अडीच किलो वाढवावे लागतात. शिवाय हवेलाही वजन असतं. दीडशे बार वापरल्यावर हे सिलिंडर जवळपास दोन किलो हलकं होतं आणि नेमक्या सेफ्टी स्टॉपच्या वेळी आपण वर तरंगू लागतो. म्हणून वजनाची परीक्षा डाइव्हच्या शेवटी, ५० बार उरलेले असताना घ्यावी.

माझी बडी माझी आतेबहीण. तिला पहिल्या काही मीटरमध्ये कान मोकळे करायला वेळ लागतो. डॉक्टरांना दाखवलं, पडद्याला काही नाही, नाकातली अॅलर्जी आहे आणि त्यावर उपचार सुरू आहेत. ती आता पाण्यात शिरण्याआधीच, बोटीवर बसल्या बसल्या कान मोकळे करायला लागते आणि दोरीला धरून पाय खाली ठेवून अगदी सावकाश उतरते. दुखेपर्यंत थांबायचंच नाही, दर अर्ध्या मीटरला करायचं. तिने मला बजावलं आहे, "दादा, मी हात वर केला की तूही थांबायचंस, पुढे जाऊन वाट बघायची नाही." बरोबर आहे तिचं. तिचं अॅडव्हान्स्ड अजून व्हायचं आहे, ते हॅवलॉकलाच पहिल्या दोन दिवसांत करेल. त्यातली डीप डाइव्ह सक्तीचीच असते, तेव्हा तयारीही होईल.

क्रम साधारण असा राहील. नवमीला सकाळी नेमो रीफ, फक्त वजन आणि कान जमवायला. दुपारी जेट्टीजवळची द वॉल. दशमी-एकादशीला डिक्सन्स आणि जॉनीज, त्या दिवशी जिथे करंट कमी असेल तिथे आधी. शेवटचा शब्द तिथल्या डाइव्हमास्टरचा. तिथे या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचला अंधारू लागतं, त्यामुळे बोटी पहाटेच सुटतात. आदल्या रात्री लवकर झोपणं हाही तयारीचाच भाग. बॅरन आयलंडचा ज्वालामुखी या खेपेला नाही. ते अंतर आणि ती परवानगी यांची वेगळी मोहीमच करावी लागेल.

लागोपाठ काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जायला हवेत. आम्ही पूर्ण दिवस ठेवला आहे. द्वादशीला सकाळी शेवटची डाइव्ह, दुपारच्या फेरीबोटीने पोर्ट ब्लेअर, त्रयोदशीला सेल्युलर जेल नीट, घाई न करता बघणं, चतुर्दशीला परतीचं विमान.

राहिलेली कामं: रेग्युलेटर सर्व्हिसिंगला टाकायचा आहे. डाइव्ह कॉम्प्युटरची बॅटरी बदलायची आहे. विम्याच्या पॉलिसीत किती मीटरपर्यंतचं डायव्हिंग धरलं आहे ते लेखी मागवलं आहे, उत्तर यायचं आहे. निघण्याआधी मालवणात आणखी एक फेरी, या वेळी दोघांचाही खप मोजायचा. तिचा आकडा आला की वरचा १०० बारचा हिशेब तिच्या बाजूने पुन्हा मांडेन.