धनुष्य करायचंय? आधी शुक्रवारी म्हापशाला चला

परवा डिचोलीचा एक मुलगा घरी आला होता, कॉलेजात आहे, त्याला स्वतःच्या हाताने लाकडी धनुष्य करायचंय. मोबाईलवर यादीच करून आणलेली त्याने. ड्रॉ-नाईफ म्हणजे दोन मुठींची तासायची सुरी, स्पोकशेव्ह म्हणजे छोटा रंधा, जपानी रास्प म्हणजे लाकडाची कानस, बाहेरून मागवायचं हिकरी नाहीतर ऑसेज ऑरेंजचं लाकूड, दोरीसाठी खास धागा, आणि खाली बेरीज अठरा हजाराच्या वर. म्हणाला, दादा एवढे पैसे असते तर तयार धनुष्यच घेतलं असतं ना. मी म्हटलं ती यादी राहू दे बाजूला, शुक्रवारी म्हापशाच्या आठवड्याच्या बाजाराला चल माझ्याबरोबर. त्या दिवशी आम्ही जे आणलं ते दीड हजाराच्या आत बसलं, बसभाडं धरून. मलाही सुरुवातीला हे कोणी सांगितलं नव्हतं, माझे बरेच पैसे आणि एक अख्खा पावसाळा फुकट गेला, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट लाकडाची. हिकरी, ऑसेज, यू ही लाकडं उत्तमच आहेत, वादच नाही, पण ती परदेशातल्या लोकांच्या परसात वाढतात म्हणून ते वापरतात. आपल्या परसात काय आहे? बांबू. आणि बांबू म्हणजे पोरांचा खेळ नव्हे हं, आपल्याकडच्या तिरंदाजीत इंडियन राउंड म्हणून जो प्रकार आहे, 30 आणि 50 मीटरचा, तो बांबूच्या धनुष्यावरच खेळतात. आपला तिरंदाज लिंबाराम लहानपणी बांबूच्याच धनुष्यावर शिकला आणि पुढे 1988, 1992, 1996 अशी तीन ऑलिम्पिक खेळला. भिल्लांच्या धनुष्याची तर प्रत्यंचासुद्धा बांबूच्या चिरफळीची असते, एक धारदार पातं हातात असलं की सगळं धनुष्य उभं राहतं. हे कळल्यावर मला पहिल्यांदा धीर आला.

आता बांबू कुठला, तर आपल्या गोव्याच्या भागात माणगा जातीचा. पेडणे, सत्तरी, पलीकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग सावंतवाडी, सगळीकडे कुंपणाला आणि बागेत दिसतो, काटे नसतात आणि आतून जवळजवळ भरीव असतो. बांबूचं सगळं बळ सालीच्या लगेच आतल्या पातळ थरात असतं, तिथे तंतू अगदी दाट असतात, आत जावं तसे ते विरळ होतात. म्हणून साल ही धनुष्याची पाठ, म्हणजे निशाणाकडे असलेली बाजू, आणि जे काही तासायचं ते आतून, पोटाकडून. सालीला हात लावायचा नाही. मी पहिल्या धनुष्याला नेमकी हीच चूक केली. गाठी वर आलेल्या चांगल्या दिसत नाहीत म्हणून पाठीवरच्या गाठी ग्राइंडरने सपाट केल्या, दिसायला एकदम सुरेख झालं, आणि पंधराव्या की सोळाव्या ताणाला बरोबर त्याच गाठीवर तंतू उचलले गेले आणि धनुष्य मोडलं. तो आवाज अजून कानात आहे. गाठ पोटाकडून तासतानासुद्धा थोडी जाड ठेवायची, पाठीवर तर ती असू दे तशीच.

काठी तीन वर्षांची तरी हवी. कोवळी असेल तर बुडाला पातेरी, म्हणजे वाळकं आवरण, चिकटलेली असते आणि अंगावर पांढुरकी भुकटी, जुनी असेल तर हिरवेपणा मंद होऊन साल शेवाळाचे डाग पडल्यासारखी होते, बोटाने टकटक केलं की आवाज खणखणीत येतो. पाऊस संपल्यावर तोडलेली घ्यायची, तेव्हा आत साखर आणि पीठ कमी असतं, भुंगा कमी लागतो. बाजारात सुपं टोपल्या विकणाऱ्या मावश्यांना विचारा, त्यांना काठी बघूनच सगळं कळतं. माझ्या ओळखीच्या मावशीने मला 60 रुपयांत दहा फुटी काठी दिली आणि वर सांगितलं, "पयलीं सुकूंक दी रे, मागीर तास." हे मी ऐकलं नाही. ओल्याच बांबूचं धनुष्य जुलैमध्ये केलं, आठवड्याभरात दोरी काढली तरी ते वाकलेलंच राहायला लागलं, ताण गेला तो गेलाच.

मग सत्तरीला मामाकडे गेलो तेव्हा मामी म्हणाली आमच्या रांदणीवरच्या, म्हणजे चुलीवरच्या, माळ्यावर ठेव की, तिथे धूर लागतो, भुंगाही जवळ येत नाही. आता मी काठी उभी चिरून दोन फाळ्या तिथे टाकतो आणि दर महिन्याला किचनच्या काट्यावर वजन करतो, तारखेसकट पेन्सिलीने काठीवरच लिहून ठेवतो. वजन उतरायचं थांबलं की ती सुकली. चूल नसेल तर पावसाळाभर थांबा आणि डिसेंबर ते मार्चमध्ये काम करा, गोव्याच्या हवेत पावसात लाकूड ओलावा परत ओढून घेतं.

धामणीच्या झाडाबद्दल पण सांगतो, कारण संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात, धनुष्यावरूनच. लवचिक आणि चिवट, मामाच्या कुऱ्हाडीला दांडा त्याचाच आहे. पण ते झाड आहे, आणि गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, म्हादई अभयारण्यात तर काडीसुद्धा उचलायची नाही. बांबूचं बरं आहे, 2017 मध्ये केंद्राने वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून तो काढला, तरी ज्याची जमीन त्याला विचारूनच घ्या.

हत्यारांत पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, यावर माझं मत ठाम आहे. ड्रॉ-नाईफ बाहेरून मागवू नका. बाजारात कोयते विकणारा लोहार असतो, तो ट्रकच्या कमानपाट्यांपासून कोयते घडवतो, त्याला सांगितलं की हीच पाती सरळ ठेव, एका बाजूनेच धार दे आणि दोन्ही टोकं वळवून मुठी बसव, तर तो तुम्हाला दोन मुठींची सुरी करून देतो. माझी 450 रुपयांत झाली. चांगली कानस मात्र घ्या, तिथे कंजूसपणा नको, एका बाजूने गोल आणि एका बाजूने सपाट, लाकडासाठीची. जपानी रास्प करवतीची पाती जोडूनच बनवलेला असतो, मग मी हॅकसॉची दहा पाती घेतली, दाते एकाआड एक उलटसुलट ठेवले आणि दोन टोकांना बोल्टने आवळली. पहिल्यांदा बांबूवर फिरवलं तेव्हा पिठासारखा भुगा पडला आणि पृष्ठभागावर एकही खोल ओरखडा नाही. शेवटचं खरवडायला फुटलेल्या खिडकीच्या काचेची ताजी धार, हातमोजा घालून, आणि मग पॉलिश पेपर. एवढंच.

दोन फाळ्या चिकटवून धनुष्य करायचं असेल तर आवळायच्या शिकंज्यांना, म्हणजे क्लॅम्पना, पण पर्याय आहे. सायकलवाल्याकडून फाटक्या ट्यूब मागून घ्या, इंचभर रुंद पट्ट्या कापा आणि चिकटवलेल्या फाळ्यांवर ताणून गुंडाळा, दाब सगळीकडे सारखा पडतो, सहा क्लॅम्पसुद्धा तसा देत नाहीत. मी पोफळीच्या जुन्या रीपेवर बांबूची पट्टी बसवताना हेच केलं. अ‍ॅमेझॉन आणि न्यू गिनीतले लोक पामच्या लाकडाची धनुष्यं करतातच, आणि आपल्या जुन्या छपरांच्या रीपा म्हणजे पोफळच. साध्या पांढऱ्या गोंदाचा जोड सतत ताणाखाली हळूहळू सरकतो, म्हणून तिथे चोवीस तासांचं अ‍ॅराल्डाइट.

खरा वेळ जातो तो टिलरिंगला, म्हणजे धनुष्याचे मुठीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही हात सारखे वाकतात का ते बघत पोटाकडून थोडं थोडं खरवडायचं. याला लोक महागडे स्टँड घेतात. मी विहिरीची कप्पी आणली आणि ती परसातल्या फणसाच्या बुडाशी बांधली, वर फांदीच्या बेचक्यात धनुष्य आडवं, त्याच्या दोरीला एक दोरखंड, तो खाली कप्पीतून घालून माझ्या हातात, म्हणजे दहा फुटांवर उभं राहून ओढता येतं आणि वाकणारं धनुष्य समोरून दिसतं. मध्ये सामान मोजायचा लटकता डिजिटल काटा लावला की ओढीचं वजनही कळतं. माझं 66 इंचाचं धनुष्य, मुठीजवळ दीड इंच रुंद, 28 इंच ताणाला 16 किलो, म्हणजे 35 पाउंडाच्या आसपास. जिथे वाकत नाही तिथे खरवडायचं, जिथे जास्त वाकतं तिथे पेन्सिलीने फुली मारून हात लावायचा नाही, प्रत्येक खरवडीनंतर वीस-तीसदा थोडं थोडं ओढायचं आणि परत बघायचं. ठरवलेल्या वजनाच्या वर एकदाही ओढू नका, धनुष्य तयार होईपर्यंत तर नाहीच.

दोरीला नायलॉन नको, ताणली जाते आणि बाणाचा जोर खाते. पणजीजवळच्या मालीम जेटीकडे मासेमारीच्या दुकानात विणलेली पॉलिस्टरची सुतळी मिळते का बघा, नाहीतर चपला शिवायचा जाड पॉलिस्टर धागा. सगळ्या धाग्यांची मिळून तुटण्याची ताकद धनुष्याच्या वजनाच्या चौपट तरी हवी, मग तेवढे धागे घेऊन पीळ द्या आणि खादी भांडारात मिळणारं मधमाशीचं मेण चोळा. हल्लीची बारीक न ताणली जाणारी फिशिंग लाईन ताकदवान आहे, पण ती टोकाच्या खाचेत सुरीसारखी उतरते, तिथे आधी धागा गुंडाळून अ‍ॅराल्डाइटने पक्कं करा. आणि बाण न लावता ताणलेली दोरी कधीच सोडू नका, सगळा जोर धनुष्याच्याच अंगावर येतो.

तो डिचोलीचा मुलगा आता रोज फोटो पाठवतो. त्याला बांबू सुकायला हवाय आणि घरी चूल नाही, म्हणून त्याची फाळी पण मामीच्या माळ्यावर माझ्या फाळीशेजारी आहे. गेल्या रविवारी वजन केलं, त्याची 940 ग्रॅम, मागच्या महिन्यात 981 होती. अजून उतरतेय. मामीने त्यावर त्याचं नाव कोळशाने लिहून ठेवलंय.