वासोटा-नागेश्वर एका दिवसात: बोटीचा हिशेब आणि ओढ्यातले ते अडीच तास

"वासोटा झाला की तसंच नागेश्वर करा आणि ओढ्यानं खाली उतरा, निवांत होतंय." आम्हाला हे ज्यानं सांगितलं तो त्या ओढ्यातून स्वतः कधी उतरलेला नाही, हे मी आता खात्रीनं सांगतो. वासोटा हा साताऱ्याकडचा, कोयनेच्या रानातला किल्ला, आणि नागेश्वर म्हणजे त्याच डोंगररांगेतलं गुहेतलं शंकराचं देवस्थान. जानेवारीच्या शेवटी आम्ही सांगलीचे सहा जण या दोन्हींचा फेरा करून आलो. सहाही जण महिन्याला एखादा गड करणारे. तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला.

आदल्या दिवशी सातारा, यवतेश्वराचा घाट, कास आणि बामणोलीत मुक्काम. सगळं सुरळीत झालं.

आता बोट. बामणोलीहून शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडल्याशिवाय वासोट्याच्या पायथ्याला जाता येत नाही, आणि बोट माणशी मिळत नाही, अख्खी ठरवावी लागते. आमची बोट एका मध्यस्थानं फोनवर ठरवून दिली. "वनखात्याची पावती त्यातच आली," असंही तो म्हणाला होता. आली नव्हती. ती सकाळी वेगळी फाडावी लागली, ओळखपत्रं दाखवून. पण खरा दणका संध्याकाळी बसला. साडेपाचला पाय ओढत काठावर आलो तर नावाडी म्हणाला, "दादा, ठरलं हुतं ते किल्ल्याचं. नागेश्वरला गेलासा तर आमचा आख्खा दिवस जातोय." वेटिंगचे आठशे रुपये जास्त मागितले. त्याचा दिवस जातो हे खरं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सकाळी आम्ही नागेश्वरचं नाव घेतलं तेव्हा तो गप्प बसला, आणि अंधार पडायच्या वेळेला, दुसरी बोट मिळणार नाही अशा जागी पैसे मागितले. ही सरळसरळ अडवणूक आहे. तुम्ही बोटीत पाय ठेवण्याआधी विचारा: नागेश्वरासकट, अमुक वाजेपर्यंत, वेटिंग धरून एकूण किती? उत्तर मेसेजवर घ्या आणि ते बामणोलीतच घ्या. पलीकडे आमच्यापैकी एकाच्याही फोनला रेंज नव्हती. नोटा जवळ ठेवा.

दीडेक तासानं मेट इंदवलीला उतरलो. पूर्वी इथं वस्ती होती, आता वनखात्याची चौकी आहे. सॅक उघडून प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजले. परतताना तेवढेच दाखवावे लागतात, आणि ते योग्यच आहे. हे कोयना अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गवे आणि अस्वलं इथली नेहमीची रहिवासी आहेत, त्यामुळे मोठ्यानं गाणी लावणाऱ्यांनी दुसरा डोंगर बघावा. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत बोटीत बसायचं असतं. हा नियम डोक्यात ठेवूनच पुढचं सगळं वाचा.

ओढ्याकाठच्या मारुती-गणपतीपासून चढ सुरू होतो. दाट रान, सावली, सरळ मळलेली वाट. अडीच तासांत वर. याबद्दल काही सांगायला नको.

बाबूकड्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. झाडीतून बाहेर आलो आणि पुढची जमीनच संपली. नालाच्या आकाराचा काळा कातळ सरळ खाली कोकणात गेलेला, समोर जुना वासोटा नावाचा डोंगर. 1818 साली इंग्रजांनी त्याच बाजूनं तोफा डागून हा गड घेतला. त्यांचे दोन अधिकारी तेव्हा इथं कैदेत होते. त्या कड्यावर पोटावर झोपून खाली बघितलं तेव्हा इथल्या कैद्यांना पळायचा विचारही का सुचला नसेल ते कळलं. दुसऱ्या टोकाला काळकाईच्या ठाण्याकडे गेलात तर मागे कोयनेचं पाणी आणि पुढे चकदेव, महिपत, सुमार, रसाळ असे डोंगर आणि गड ओळीनं दिसतात. फक्त वासोटा करून परत फिरलात तरी पैसे वसूल आहेत, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तेवढंच करावं, हे माझं स्पष्ट मत.

आम्ही सव्वाबाराला नागेश्वरकडे निघालो. धारेवरची वाट लांब आहे आणि काही ठिकाणी ऊन थेट डोक्यावर येतं. दोन तास लागले. गुहेत मात्र गारवा होता. छतातून पिंडीवर थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. महाशिवरात्रीला खालच्या चोरवण्याहून कोकणातली माणसं इथं चढून येतात. आम्ही जेमतेम अर्धा तास बसलो आणि ओढ्याला लागलो.

ओढ्यात वाट अशी नाहीच. पात्रभर धोंडे, काही डोक्याएवढे, काही जीपएवढे, आणि मधल्या फटींवर पानगळीचा थर. पान दिसतं तिथं पाय टाकावा तर घोट्यापर्यंत आत जातो. धोंडा भक्कम दिसतो आणि वजन पडलं की डुलतो. माझ्या मेहुण्याच्या उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला. प्रत्येक पावलाला फटक-फटक वाजायचा. तो सॅकच्या पट्ट्यानं बांधला, पट्टा दगडावर घासून दोनदा तुटला. घड्याळ बघून उतरायचं होतं म्हणून घाई, आणि घाईमुळे धाकट्या चुलतभावाचा घोटा मुरगळला. दर वळणाला वाटायचं, आता संपला. अडीच तास तो संपला नाही.

आमच्या बरोबरचा स्थानिक वाटाड्या निम्म्यात थांबून म्हणाला, "वढा सकाळी करायचा असतोय. पाय ताजं असत्यात तवा." बोट लागल्या लागल्या ओढ्यानं नागेश्वरला चढा, तिथून धारेनं वासोटा, आणि थकल्या पायांना उतरायला गडाची मळलेली वाट ठेवा. चढताना धोंडे दिसतात, हातही वापरता येतात. आणि दुपारी बारापर्यंत नागेश्वरला पोचला नाहीत तर वासोटा सोडा, आल्या वाटेनं खाली या. हा फेरा तरी चालू आहे का, ते परवानगी घेतानाच विचारा. वाटाड्याशिवाय अजिबात जाऊ नका. त्याला दिलेले पैसे हा आमच्या अख्ख्या सहलीतला सगळ्यात चांगला खर्च होता.

घोटा झाकणारे बूट घाला, जुने असतील तर तळ आधी चांभाराकडून शिवून घ्या. पाणी माणशी तीन लिटर. गडावर टाकी आहेत, पण ओढ्यात आम्हाला जानेवारीतच नुसती डबकी दिसली, आणि त्यात गव्यांचे खूर उमटलेले होते.