तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी न घेता इंग्लंडची खेडी

उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्लंडला येऊ घातलेल्या मंडळींकडून मला एक प्रश्न हमखास येतो. लंडन पाहून झाल्यावर चार दिवस खेड्यापाड्यांत, डोंगरदऱ्यांत घालवायचे आहेत, पण गाडी चालवायची नाही, तर ते जमेल का? अडचण कायद्याची नसते; पाहुणा म्हणून आलेल्याला भारतीय परवान्यावर येथे वर्षभर गाडी चालवता येते, आणि वाहतूकही आपल्यासारखी डावीकडूनच असते. पण कोणाला दोन्ही बाजूंनी उंच झुडपी कुंपणे असलेल्या अरुंद रस्त्यांची धास्ती वाटते, कोणाला भाडे आणि विमा यांचा हिशेब जड जातो, तर कोणाला सुट्टीतही एकट्यानेच स्टिअरिंगला जखडून बसणे मान्य नसते. गाडी न बाळगता उत्तर इंग्लंडचा बराचसा मुलूख पायांखाली घातलेला माणूस म्हणून मी सांगतो, की हे जमते, आणि काही भागांत तर गाडी नसणेच सोयीचे ठरते. मात्र मुक्काम कोठे करायचा हे छायाचित्रांपेक्षा वेळापत्रकाला विचारून ठरवावे लागते.

याचे कारण रेल्वेच्या इतिहासात आहे. ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांच्या 1963 च्या अहवालाने तोट्यातील मार्ग बंद करण्याची शिफारस केली आणि बंद करायच्या स्थानकांची जी यादी दिली तिच्यात 2,363 नावे होती. पुढच्या काही वर्षांत हजारो मैलांचे लोहमार्ग बंद झाले, आणि सर्वांत मोठा घाव बसला तो खेड्यांना. लेक डिस्ट्रिक्ट या वायव्य इंग्लंडमधल्या सरोवरांच्या डोंगराळ मुलखाच्या उत्तर भागातले केझिक हे गाव घ्या. तेथली रेल्वे 1972 मध्ये थांबली ती कायमची. वाचले ते बहुतांशी दोन मोठ्या शहरांना जोडणारे मार्ग, आणि त्यांतले काही वाटेत डोंगर ओलांडतात. पाहुण्याने आपला बेत आखायचा तो याच मार्गांना धरून.

त्यांतला मला सर्वांत आवडणारा म्हणजे मँचेस्टर आणि शेफील्ड यांना जोडणारा होप व्हॅलीचा मार्ग. 1951 मध्ये ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या पीक डिस्ट्रिक्टमधून तो जातो, आणि एडेल, होप, बॅमफर्ड, हॅदरसेज, ग्रिंडलफर्ड अशी एकापाठोपाठ एक लहान स्थानके त्यावर लागतात. आपली मंडळी लंडनहून स्टोनहेंज आणि बाथ करून परततात आणि या बाजूला फिरकतही नाहीत, याचे मला नवल वाटते. मँचेस्टरहून पाऊण तासात आणि शेफील्डहून साधारण अर्ध्या तासात तुम्ही एडेलला उतरता, आणि फलाटाबाहेर पडताच चालायला सुरुवात करू शकता. 268 मैलांची पेनाइन वे ही प्रसिद्ध पायवाट याच गावातून निघते.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण गाडीशिवायच्या प्रवासाची सारी भिस्त तिच्यावर आहे. इंग्लंडमध्ये शेतांतून, कुरणांतून, क्वचित एखाद्याच्या अंगणाला लागूनही जाणाऱ्या जुन्या वहिवाटीच्या वाटांवरून चालण्याचा हक्क कोणालाही आहे, आणि तो नकाशावर अधिकृतपणे नोंदलेला असतो. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या नारिंगी मुखपृष्ठाच्या 1:25,000 प्रमाणाच्या नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. प्रत्यक्ष जागेवर फाटकावर किंवा खांबावर पिवळा बाण असला की वाट पादचाऱ्यांची, आणि निळा असला की तीवर घोडा आणि सायकलही चालते. मालक समोर उभा असला तरी तो फार तर हवापाण्याच्या दोन गोष्टी करतो. आपल्याकडे अशा वाटांवरून भावाभावांत कोर्टकज्जे चालतात, म्हणून सुरुवातीला आपला पाय बिचकतो खरा. मोकळ्या माळांवर जाण्याचा हक्क मात्र सहजासहजी मिळालेला नाही. एडेलच्या माथ्यावरचे किंडर स्काउट हे पठार शिकारीसाठी राखून ठेवलेले होते. 24 एप्रिल 1932 रोजी काही शे तरुण कामगार मुद्दाम त्यावर चढून गेले आणि त्यांतल्या पाच जणांना तुरुंगात जावे लागले. अशा माळांवर आणि डोंगरांवर वाट सोडून हिंडण्याची मुभा देणारा कायदा झाला तो थेट 2000 मध्ये.

आता गाडी नसण्याचा खरा फायदा सांगतो. गाडी घेऊन आलेल्या माणसाला, कितीही चालला तरी, गाडीपाशी परतावे लागते, त्यामुळे त्याची प्रत्येक फेरी वर्तुळाकार होते. रेल्वेने आलेला माणूस एका स्थानकावर उतरून दुसऱ्या स्थानकावर चढू शकतो. एडेलला उतरून होपला परतीची आगगाडी पकडायची, ही पहिल्यांदा येणाऱ्यासाठी मी नेहमी सुचवतो ती वाट. स्थानकापासून दरी ओलांडून मेंढ्यांच्या कुरणांतून चढ चढत गेलात की हॉलिन्स क्रॉस ही खिंड लागते. एडेलला स्वतःचे चर्च नव्हते त्या काळी गावातली माणसे शवपेट्या खांद्यावर घेऊन हीच खिंड ओलांडून होपच्या चर्चला जात असत. खिंडीतून उजवीकडे वळून 517 मीटर उंचीच्या मॅम टॉरच्या माथ्यावर जाऊन यावे, आणि मग कड्याची धार धरून बॅक टॉर आणि लूज हिल या दोन शिखरांवरून होपकडे उतरावे. धारेवरच्या वाटेला बऱ्याच ठिकाणी दगडी फरशा घातलेल्या आहेत, त्यामुळे पावसानंतरही चिखल फारसा लागत नाही. पण वारा असा असतो की जूनमध्येही कान झाकावेसे वाटतात. दोन्ही बाजूंना दऱ्या, त्यांत कोकणातल्या गडग्यांसारख्या चुना न लावता रचलेल्या दगडी भिंती आणि खाली खेळण्यातल्यासारखी दिसणारी, तासाभराने तुम्हांला परत नेणारी आगगाडी. मधल्या खाण्यासकट पाच तास हाताशी ठेवावेत. होपचे स्थानक गावाच्या बाहेर बरेच पूर्वेला आहे, हे शेवटची गाडी गाठायच्या हिशेबात धरावे.

मॅम टॉरचा डोंगर भुसभुशीत थरांचा असल्यामुळे सतत खचत असतो. त्याच्या पायथ्यावरून एक मुख्य मोटाररस्ता जात असे. दुरुस्तीवर दुरुस्ती करून थकल्यावर 1979 मध्ये तो वाहनांना कायमचा बंद केला. आज त्याच्या डांबराचे दुमडलेले, पुरुषभर खचलेले तुकडे आणि मधली पांढरी रेघ पाहत पायी चालत खालच्या कासलटन गावाला उतरता येते. मोटारींना शेजारच्या विनॅट्स खिंडीच्या अरुंद आणि तीव्र चढावरून जावे लागते, आणि सुट्टीच्या दिवशी तेथे लागलेली रांग वरून पाहताना मला थोडे आसुरी समाधान वाटते, हे नाकारत नाही.

ज्यांना जास्त चालायचे नाही त्यांच्यासाठी सेटल ते कार्लाइल हा उत्तर इंग्लंडमधला रेल्वेमार्ग आहे. 1876 मध्ये प्रवाशांसाठी खुला झालेला हा मार्ग 1980 च्या दशकात बंद होता होता राहिला. लोकांनी मोठी चळवळ केली आणि 1989 मध्ये सरकारने माघार घेतली. रिबलहेडचा 24 कमानींचा पूल गाडीत बसून दिसतो त्यापेक्षा रिबलहेडला उतरून खालून पाहिला तर कितीतरी भव्य वाटतो, आणि तेथवर सपाट वाट असल्याने वयस्कर माणसेही जाऊ शकतात. याच मार्गावर डेंट नावाचे स्थानक आहे, इंग्लंडच्या मुख्य लोहमार्गांवरचे सर्वांत उंच. नावावर जाऊन तेथे उतरू नका: डेंट गाव तेथून चार मैलांवर, खाली दरीत आहे.

आई-वडिलांना घेऊन येणाऱ्यांनी लेक डिस्ट्रिक्ट निवडावे. लंडनच्या यूस्टन स्थानकातून ऑक्सनहोमला यावे आणि तेथे गाडी बदलून विंडरमियरला उतरावे. हा फाटा 1847 मध्ये सुरू झाला. कवी वर्ड्सवर्थ यांनी त्याला जाहीर विरोध केला होता, कारण शहरी गर्दी आपल्या डोंगरांत शिरेल अशी त्यांना भीती होती. ती अगदीच खोटी ठरली असे विंडरमियरची ऑगस्टमधली गर्दी पाहून म्हणवत नाही. स्थानकाबाहेरच 555 क्रमांकाची बस मिळते. अँबलसाइड, ग्रासमियर असे करत ती तासाभरात केझिकला पोचते. दुमजली बस आली तर वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडावी. विंडरमियर, रायडल वॉटर, ग्रासमियर आणि थर्लमियर ही चारही सरोवरे खिडकीतून दिसतात, आणि रस्त्याकडेच्या भिंतींपलीकडचे जे दृश्य मोटारीत बसलेल्याला दिसत नाही तेही दिसते. 2025 पासून इंग्लंडमधल्या बहुतेक बसगाड्यांचे एका फेरीचे कमाल भाडे 3 पौंड आहे, म्हणजे हा सबंध प्रवास लंडनमधल्या एका कॉफीच्या किमतीत होतो.

लंडनचा मुक्काम न हलवता एक दिवस मोकळा असेल तर दक्षिणेला सीफर्डला जावे आणि सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या खडूच्या कड्यांवरून ईस्टबोर्नच्या दिशेने चालावे. ब्रायटन ते ईस्टबोर्न जाणारी 12 क्रमांकाची बस थोडी आतल्या बाजूने समांतर धावत असते, त्यामुळे थकवा आला की वाट सोडून तिचा थांबा गाठता येतो.

आता कॉट्सवोल्ड्स, म्हणजे ऑक्सफर्डच्या पश्चिमेकडचा टेकड्यांचा प्रदेश. तेथली मधाच्या रंगाची दगडी घरे सर्वांनी छायाचित्रांत पाहिलेली असतात, आणि एका दिवसात पाच गावे पाहायची असा बेत घेऊनच लोक विचारतात. तसे बसने होत नाही. पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्शला थेट गाडी आहे, तेथून बोर्टन-ऑन-द-वॉटरला बस आहे, आणि बोर्टनहून शेतांतून चालत अर्ध्या-पाऊण तासात लोअर स्लॉटर गाठता येते. एवढ्यावर समाधान मानणार असाल तर जरूर जा. पाचही गावे हवीच असतील तर मोटारच घ्या.

राहता राहिले बसचे वेळापत्रक. खेड्यातली बस रविवारी बहुधा नसते, किंवा असली तर उन्हाळ्यापुरतीच असते. यॉर्कशर डेल्स या उत्तरेकडच्या दऱ्यांच्या मुलखात तर रविवारच्या डेल्सबस या सेवेची व्यवस्था स्वयंसेवक पाहतात. म्हणून रविवार रेल्वेच्या मार्गावर काढावा आणि बसची ठिकाणे आठवड्याच्या मधल्या दिवसांना ठेवावीत. काही फेऱ्या फक्त शाळेच्या दिवशी धावतात, आणि ती खूण वेळापत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. सुट्टीत येणारा पाहुणा नेमका तेथेच फसतो. थांब्यावर उभे असलात तरी हात दाखवावा लागतो, नाहीतर चालक सरळ निघून जातो. शेवटच्या बसवर सगळा दिवस टांगून ठेवू नये, तिच्या आधीची बस गाठण्याचा बेत करावा, आणि तरीही चुकलीच तर म्हणून गावातल्या टॅक्सीचा क्रमांक पबमध्ये सकाळीच विचारून ठेवावा. तो दुपारी तीनच्या सुमारास मात्र लावू नका. त्या वेळी ती टॅक्सी बहुधा शाळेतल्या मुलांना घरी पोचवत असते.