आमची लाईन

मे महिन्यात भाची मुंबईहून दापोलीला आली की तिच्या सुट्टीतल्या अभ्यासाला मीच सापडतो. यंदा इंग्रजी वाक्प्रचारांची वही घेऊन ओटीवर बसली, मामा 'ड्रॉप मी अ लाईन' म्हणजे काय? मी तोंड उघडायच्या आत माजघरातून आईचा आवाज, "त्यात काय गो, वायरमनने तार पाडली असेल."

हसलो खरा, पण दापोलीतल्या माणसाला दुसरं काय सुचणार? ३ जून २०२० ला निसर्ग वादळात पोल पत्त्यांसारखे आडवे झाले, आणि नंतर कितीतरी दिवस 'जेवलात का' ऐवजी लोक विचारत, लाईन कुठपर्यंत आली?

तर 'ड्रॉप मी अ लाईन' म्हणजे दोन ओळी खरडून खुशाली कळव, बस्स. पुढचं होतं 'हूक, लाईन अँड सिंकर'. हे मात्र हर्णै बंदरावर जाऊन आलेल्या पोरीला समजवायला सोपं, मासा नुसतं आमिष खाऊन थांबला नाही, गरी, दोरी आणि खालचं शिसं सगळं एका दमात गिळून बसला, म्हणजे समोरच्याची थाप अख्खी गिळली. आमच्याकडे सी-व्ह्यू म्हणून प्लॉट घेतलेली काही मंडळी यातलीच, समुद्र दिसतो हो, पाण्याच्या टाकीवर चढलं की.

या शब्दाचं मूळ तर आमच्या चटणीत निघालं. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस, जवसाच्या झाडापासून काढलेला धागा तो लिनिया, आणि त्याची झाली लाईन. लिनन कापड त्याच घरातलं, कपड्याला आतून लिनन लावायचे म्हणून लायनिंग. म्हणजे आईच्या ब्लाउजचं अस्तर आणि वायरमनची तार चुलत बहिणी!

आपल्याकडे कसं, लिहितो ती ओळ, उभे राहतो ती रांग, मारतो ती रेघ, कपडे वाळत घालतो ती दोरी, सगळ्यांची चूल वेगळी. एवढं असूनही आपण लाईन घेतली ती घेतलीच आणि वर तिला आपले उद्योग शिकवले. पोरगा नोकरीला लागला की लाईनीला लागला, आणि कॉलेजच्या गेटवर मारतात ती लाईन कुठल्या साहेबाला सांगून कळणार नाही. (भाचीने वहीत हेही लिहून घेतलं, बाईंनी पाहिलं तर माझं नाव नको सांगूस म्हटलं.)

परवा तिला खेडला गाडीत बसवून आलो. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली तरी वीरच्या अलीकडे रूळ एकच, त्यामुळे समोरची गाडी येऊन पुढच्या स्टेशनने लाईन क्लिअर दिल्याशिवाय आपली हलत नाही. घरी पोचलो तर आई मोबाईल कानाला लावून खळ्यात उभी, भाचीचाच फोन, गाडी क्रॉसिंगला रखडली होती ती आत्ता सुटली म्हणे. बोलता बोलता आवाज गेला. बहुतेक नातूवाडीच्या बोगद्यात शिरली असणार, चांगला चार किलोमीटरच्या वर आहे तो.

म्हटलं आई ठेव आता, कट झाला.

"गप रे. लाईनवर आहे ती."